जिन्याचा खालचा दांडा

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत कंडक्टरबाईंनी घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. एकतीस वर्षं बसमध्ये माणसं पुढे सरकवलेली. आता त्या घरच्यांना बेसिनपासून, फ्रिजपासून, टीव्हीसमोरून सरकवू लागल्या. शेवटी सुनेनेच शहराच्या वारसा फेऱ्यांसाठी स्वयंसेवकाचा अर्ज भरला आणि सहीसाठी पुढे केला.

"आई, आम्हाला शिस्त लावून झाली. आता जरा शहराला लावा."

नवऱ्याने शब्दकोड्यातून मान वर न काढता विचारलं, "शहराला आधी कळवलंय ना?"

बाईंना वाटलं होतं, आपल्याला काहीतरी सांगायला मिळेल. जुन्या शहरातला एकेक थांबा त्यांना पाठ होता. पण समितीच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्हींत चर्चा एकच, स्वयंसेवकांचं जाकीट पिवळं असावं की नारिंगी. चौथ्या बैठकीत सचिवांनी कामं वाटली.

"बाई, तुम्ही शेपटाला."

"शेपटाला म्हणजे?"

"फेरीच्या सगळ्यात मागे चालायचं. कुणाला मागे राहू द्यायचं नाही. बोलायचं काम प्राध्यापकांचं."

पहिल्या रविवारी पंचवीस माणसं जमली आणि पहिल्याच चौकात फुटली. दोघी दुकानातल्या चपला बघत थांबल्या. एक गृहस्थ प्रत्येक खिडकीचा फोटो तीनदा काढत होते. पुढे प्राध्यापक इतिहास सांगत होते, तोही अशा हळू आवाजात, की जणू कुणी आजारी माणूस शेजारी झोपलाय. मागच्यांना काही ऐकू जाईना, म्हणून मागचे आपापसात बोलत, आणि ते बोलत म्हणून मधल्यांनाही ऐकू जाईना. "पुढे सरका, पुढे जागा आहे," असं बाई सवयीने दोनदा ओरडल्या, तेव्हा सचिवांनी लांबूनच तोंडावर बोट ठेवून दाखवलं. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

तिसरा थांबा होता व्यापाऱ्याची जुनी तिमजली इमारत. आत लाकडी जिना. त्याच्या भिंतीकडच्या बाजूला हाताने धरायचे दोन दांडे होते. एक नेहमीच्या उंचीवर, दुसरा बराच खाली, मांडीच्या उंचीला. प्राध्यापक म्हणाले, "हा खालचा दांडा व्यापाऱ्याने आपल्या लहान मुलांसाठी बसवून घेतला. त्या काळातल्या वडिलांचं हे प्रेम पाहा." लोकांनी प्रेम पाहिलं, फोटो काढले आणि बाहेर पडले.

रस्त्यावर बाईंनी डोकी मोजली. चोवीस. पुन्हा मोजली. चोवीसच.

"आता हा काय नवीन ताप," असं पुटपुटत त्या परत फिरल्या. निळ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ जिन्यावर बसले होते. हात खालच्या दांड्यावर.

"काका, फेरी पुढे गेली. पाय दुखतायत का?"

"पाय बरे आहेत. ते काय सांगत होते ते खोटंय."

"म्हणजे?"

"मुलांसाठी नाही हा. मी बसवलाय. सुतार आहे मी." त्यांनी बाईंचा हात धरून दांड्याच्या खालच्या अंगाला नेला. बोटांना दोन तिरप्या खाचा लागल्या. "पटाशीने केल्यात. माझ्या सगळ्या कामाला आहेत. व्यापारी गेल्यावर वरच्या मजल्यावर प्रसूतिगृह होतं. अकरा वर्षं. दोन नर्स चालवायच्या. कळा सुरू झालेल्या बायका हा जिना चढायच्या. मोठ्या नर्सने मला बोलावलं आणि म्हणाली, वाकलेल्या बाईचा हात वर जात नाही रे, दांडा खाली घे."

स्वतःच्या बाळंतपणाला दवाखान्याचा जिना कसा चढल्या होत्या, ते बाईंना आठवलं. भिंतीला धरायला काहीच नव्हतं.

"माझी धाकटी इथेच झाली," सुतारकाका उठत म्हणाले. "चला, तुमची फेरी चुकेल."

फेरी संपताच बाईंनी सचिवांना गाठलं. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुरावा?"

"माणूस जिवंत आहे! दांडा जागेवर आहे! आणखी काय हवंय?"

"तसं नाही हो. मजकूर समितीने मंजूर केलेला आहे. दुरुस्तीसाठी अर्ज द्यावा लागेल. आणि पत्रकं चार हजार छापून झालीत."

"मग चार हजार लोकांना खोटं सांगायचं?"

"आवाज जरा कमी करा, बाई."

त्या तणतणत प्राध्यापकांकडे वळल्या. आता हे पुस्तकी गृहस्थ आपल्याला वेड्यात काढणार, या तयारीनेच त्या बोलल्या. पण प्राध्यापकांचा चेहरा उतरला.

"मूळ मजकूर मीच लिहिलाय," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी. मला तो दांडा कशासाठी ते कळेना. 'बहुधा मुलांसाठी' असं लिहिलं. दुसऱ्या वर्षी कुणीतरी 'बहुधा' काढून टाकलं. मग वडिलांचं प्रेम आलं. आणि ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं."

बाईंना भांडायला जागाच उरली नाही, याचाही त्यांना राग आला.

पुढच्या रविवारी प्राध्यापकांनी सुतारकाकांना जिन्यापाशी उभं केलं. पण काका बोलायला लागले आणि बाईंनी कपाळाला हात लावला. प्राध्यापक बरे म्हणावेत, इतका त्यांचा आवाज बारीक! लोक चुळबुळ करू लागले, एकाने "शौचालय कुठे आहे?" असं विचारलंही. मग बाई जाकीट सावरत पुढे आल्या.

"काका, तुम्ही एकेक वाक्य सांगा."

काका सांगत गेले आणि बाई बसमधल्या आवाजात लोकांपर्यंत पोचवत गेल्या. मोठी नर्स, कळा, वाकलेली बाई, खाली घेतलेला दांडा. सचिव दारातून खुणा करत होते. बाईंनी तिकडे पाठ केली. सगळं सांगून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त बाहेर पडताना बायका एकेक करून वाकल्या आणि खालच्या दांड्याला धरून दोन-तीन पायऱ्या चढून पाहू लागल्या. त्यात वीस मिनिटं गेली. पुढच्या दोन इमारती बघायच्या राहिल्या, आणि त्याबद्दल समितीचं नापसंतीचं पत्र बाईंच्या घरी आलं. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत."

बाईंनी दिलेला दुरुस्तीचा अर्ज मात्र मंजूर झाला नाही. 'पुराव्याअभावी प्रलंबित' असा शेरा आला. तो कागद घेऊन बाई तावातावाने सुतारकाकांच्या घरी गेल्या. काका खिडकीशी बसून खुर्चीचा पाय घासत होते. त्यांनी कागद पाहिलाही नाही.

"दांडा हलतोय का कुठे?"

"नाही."

"मग झालं की."

"झालं काय! अहो, पत्रकात तुमचं नाव नाही, त्या नर्सचं नाव नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ते व्यापाऱ्याचं प्रेम येणार!"

"येऊ दे. बसा, चहा घेता?"

बाईंनी हात टेकले. ज्याच्यासाठी एवढं भांडायचं, त्यालाच काही पडलेली नाही! चहा मात्र त्यांनी घेतला. मोठ्या नर्सचं नाव विचारून घेतलं, धाकटीची जन्मतारीख विचारून घेतली, जन्मस्थळाचा पत्ता बघायला तिचा जन्मदाखलाही कपाटातून काढायला लावला. पत्ता त्याच इमारतीचा होता. दाखल्याची प्रत काढून त्या थेट सचिवांच्या कार्यालयात गेल्या आणि दुपारच्या जेवणासाठी उठलेल्या सचिवांना म्हणाल्या, "बसा खाली. हा घ्या पुरावा."