अ‍ॅम्पवर फोडलेला नारळ

आमच्या बँडवर कोणी माहितीपट काढेल, असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. आम्ही वर्ध्याच्या कॉलेजातले चौघं, वऱ्हाडीत रॉक गाणारे. दौरा म्हणजे भाड्याचा छोटा हत्ती टेम्पो, मागे ड्रमसेट आणि त्याच्या फटीत आम्ही. गणपती मंडळं हौसेनं बोलवायची आणि पहिल्या गाण्यानंतर एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची. आता मी सरकारी कार्यालयात फायली सरकवतो, आणि आमच्या ड्रमरची भाची त्या दिवसांवर फिल्म करते आहे.

परवा तिनं कच्ची फिल्म दाखवली. हसून हसून पोट दुखलं. मग आष्टी गावचा कार्यक्रम आला, आणि माझं हसू गेलं.

आष्टीला दुसऱ्याच गाण्यात गिटारचा अ‍ॅम्प धूर सोडून बसला. जनरेटरचं व्होल्टेज वाढलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कारंजाहून आलेल्या जनरेटरवाल्या काकांना माझ्या मित्रांनी नको नको ते ऐकवलं, आणि मंडळानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. खरं कारण माझ्यापाशी होतं. कार्यक्रमाआधी मंचामागे मी गुपचूप अ‍ॅम्पची पूजा केली होती. कुंकू लावलं, आणि नारळ सरळ त्याच्याच कोपऱ्यावर फोडला. पाणी जाळीतून आत गेलं. मी बाहीनं पुसलं आणि तोंड शिवून बसलो. गिटारवाल्यानं तो अ‍ॅम्प अख्खी सुट्टी राबून घेतला होता. कळलं असतं तर त्यानं मला त्याच दिवशी बँडमधून हाकललं असतं. भित्रा होतो मी, दुसरं काय.

फिल्ममध्ये काका कॅमेऱ्याकडे पाहून म्हणत होते, "माह्या जनरेटरनं पोट्ट्यायची मशीन जळाली. मले अजून वाईट वाटते."

"हे काढ, खोटं आहे," मी भाचीला म्हणालो आणि सगळं ओकून टाकलं.

"मामा, मले काऊन सांगता? त्यायले सांगा," ती म्हणाली.

रविवारी आम्ही दोघं एसटीनं कारंजाला गेलो. काका जनरेटर पुसत होते. मी सांगून संपवलं तरी त्यांचा हात थांबला नाही.

"मले तवाच मालूम होतं गा. तुह्या बाहीले कुंकू होतं."

"मंग काका, बोलले काऊन नाई?" मी विचारलं.

"तुमी तिथंच भांडले असते, तं पुढचं गाणं कोण म्हणणार होतं? मले काय, शिव्या खायची सवय आहे."

आष्टीनंतर आम्ही चार वर्षं वाजवलं. पुलगाव, हिंगणघाट, नागपूरसुद्धा. ती चारही वर्षं या माणसानं आम्हाला दिली होती, आणि आम्ही त्यांना कधी चहासुद्धा विचारला नव्हता. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

तिथूनच मी गिटारवाल्याला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. तो म्हणाला, "काका आहेत का तिथं? फोन दे त्यायले."

काकांनी त्याची माफी ऐकून घेतली. तेलकट फडक्यानंच डोळे पुसले.

"येजो गा," ते म्हणाले. "चौघंही वाजवाले येजा. मशीन घेऊन या. जनरेटर माहा राहीन."