मुजावर मॅडमची सुट्टी

मुजावर मॅडम वर्गात आल्या की हजेरीच्या आधी कुणाला तरी उभं करायच्या आणि विचारायच्या, "ह्या आठवड्यात कुणाला शिक्षा दिलीस?" पहिल्याच तासाला माझी पाळी आली. मी म्हणाले, कुणालाच नाही.

"घरात समद्यांशी बोलतीस?"

वहिनीशी अबोला होता, तेवढं मी कबूल केलं.

"मग अबोला काय बक्षीस हाय व्हय? गुन्हा काय तिचा? तिचं म्हणणं ऐकून घेतलीस?"

वर्ग हसला. मी घरी जाऊन वहिनीशी बोलले.

कोल्हापुरातल्या आमच्या लॉ कॉलेजात त्या गुन्हेगारीशास्त्र शिकवायच्या. जयसिंगपूरहून एसटीनं यायच्या, तासिका तत्त्वावर. तास झाला तर मानधन, नाही झाला तर नाही. मुळात त्या लॉ करणार होत्या. पण संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते, "वकील ढिगानं मिळत्यात. तू गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. कर, जागा तुझीच." आमच्याकडे अध्यक्षांचा शब्द म्हणजे नेमणुकीचा आदेशच समजतात. मॅडमही तसंच समजल्या.

मलाही शिकवायचंच होतं, कोर्टात उभं राहायचं नव्हतं. लॉ अर्धवट सोडून त्यांच्यासारखं एम.ए. करावं, असं माझ्या मनानं घेतलं. मॅडमना विचारलं तर त्या खुलल्या. "ये की. मी तरी दुसरं काय केलो?"

थोड्याच दिवसांत कॉलेजची मान्यता तपासायला समिती आली. कायद्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्याकडे कायद्याची पदवी हवी, म्हणून मॅडमना त्या दिवशी सुट्टी. तपासणीला दाखवायची माणसं वेगळी आणि राबणारी वेगळी, ही रीत आमच्या अंगवळणी पडलेली. त्यांच्या जागी अध्यक्षांचा वकील भाचा काळा कोट घालून उभा राहिला. गडी वर्गाचं दार पहिल्यांदाच बघत होता.

समितीनं आम्हाला प्रश्न विचारले. आम्हाला वाटलं, उत्तरं नीट दिली तर मॅडमचं नाव निघेल. आम्ही अहमहमिकेनं बोललो, त्यांनी शिकवलेलं सगळं ओतलं. समिती खूश झाली आणि जाताना भाच्याची पाठ थोपटून गेली. पंधरवड्यात विषय त्याच्या नावावर लागला, कायमचा. मॅडमचे तास बंद झाले. अजूनही आठवलं की अंगाची आग होते.

आपली पुस्तकं न्यायला आल्या तेव्हा जिन्यात भेटल्या.

"लई झ्याक उत्तरं दिलासा म्हणं," त्या म्हणाल्या. "जरा अडखळला असता, तर तरी माझी गरज लागली असती त्यास्नी."

मी त्यांच्या हातातला पुस्तकांचा गठ्ठा घेतला.

"एम.ए.चं डोक्यातनं काढ. लॉ पुरं कर. शिकवायला येतंय का, हे कोण इचारत न्हाई."

मी लॉ पूर्ण केलं, पुढं एलएल.एम. झाले. दुसऱ्या एका कॉलेजात कायम झाले तेव्हा पेढे घेऊन कागलला गेले. तिथल्या एमआयडीसीत मॅडम एका कारखान्याच्या वॉचमनना शिकवतात, सुटताना कामगारांचे डबे कसे तपासायचे ते. फाटकाजवळच्या खोलीत त्यांनी पेढा हातात घेतला.

"बरं झालं. आता तपासणीला तुला तर घरी बसवायचं न्हाईत." मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या कॉलेजात कुणाला बसवत्यात?"

मी आमच्या तासिकेवरच्या एका बाईंचं नाव सांगितलं.

मॅडमनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.