मास्तरांना पटलेली जागा

त्या शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं होतं. सगळं आयुष्य त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढलं, एक पाय कायम जादाच्या ब्रेकवर. सुनेलाही त्यांनीच शिकवलं. मुलगा अकाली गेला त्यानंतर ती कितीतरी दिवस दाराबाहेर पडेना. एका सकाळी मास्तरांनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "चल, क्लच हळू सोडायला शीक." पुढे ती कपड्यांच्या एका दुकानात आल्टरेशनला लागली. पॅन्टची लांबी कमी कर, चेन बदल, कंबर आवळ, असं दिवसभर मशीनवर चालायचं. घरात सासरा आणि सून दोघंच, आणि त्यांचं बरं जमत होतं.

मग मास्तर बाथरूममध्ये पडले. हाड वाचलं, पण धीर खचला. त्यातच एकदा दूध तापत ठेवून ते झोपी गेले आणि शेजारच्यांना दार ठोठवावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका. सुनेने दिवसभरासाठी बाई लावली. मास्तरांनी तिला भाजी चिरण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत सगळं नव्याने शिकवायला घेतलं, तेव्हा ती पळाली. दुसरी त्यांच्यापेक्षा जास्त झोपायची.

शेवटी नणंदेने फोनवर विषय काढला. ती दूर राहायची, नवऱ्याच्या आजारपणात स्वतःच अडकलेली. "वहिनी, आपण एखादी चांगली जागा बघू या का?" ती म्हणाली, आणि दोघीही बराच वेळ गप्प राहिल्या. सुनेच्या मनात ते केव्हाचं होतं. बोलून दाखवायची हिंमत नव्हती, एवढंच.

नणंद आली त्या शनिवारी कपडे घ्यायला जातो असं सांगून दोघी बाहेर पडल्या. पहिली जागा झकपक होती. काचेच्या टाकीत मासे, फरशी अशी की पाय ठेवताना संकोच वाटावा. तिथल्या मॅनेजरबाई मऊ आवाजात बोलत आणि म्हाताऱ्यांना 'आमची पिल्लं' म्हणत. पिल्लं मात्र भिंतीला टेकून ओळीने बसली होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. नणंदेला जागा आवडली. सुनेला का आवडली नाही, ते तिला सांगता येईना.

दुसरी जागा बस डेपोच्या मागे होती. जुनं बैठं घर, रंग उडालेला, खिडकीबाहेर बसचा घरघराट. त्या आत गेल्या तेव्हा नर्स एका आजोबांची नखं कापत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढा पाय होऊ दे, मग येते." दोघी उभ्या राहिल्या. नर्सने शेवटची करंगळीसुद्धा घाई न करता कापली. सुनेला ते फार बरं वाटलं. नणंद मात्र बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबांना या गोंगाटात ठेवायचं?"

संध्याकाळी चहा झाला, भांडी झाली, तरी विषय काढायला कोणी पुढे होईना. शेवटी मास्तरच म्हणाले, "कपडे घ्यायला गेलात आणि रिकाम्या हातांनी आलात. मी म्हातारा झालोय, खुळा नाही."

नणंदेला रडू फुटलं. सुनेने जे होतं ते सांगून टाकलं. मास्तर उठून खोलीत गेले. दुसरा दिवसभर त्यांनी कामापुरतंच तोंड उघडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, बूट घालून दारात उभे. "मला दाखवा," ते म्हणाले. "चालवून बघितल्याशिवाय मी कधी कुणाला गाडी घेऊ दिली नाही."

झकपक जागी मॅनेजरबाईंनी सुनेला विचारलं, "यांना गोड चालतं का?" मास्तर म्हणाले, "यांनाच विचारा." बाई हसल्या आणि पुढचा प्रश्नही सुनेलाच विचारला.

डेपोमागच्या घरात मास्तर थेट खिडकीशी जाऊन बसले. बाहेर एक बस वळली, तशी ते तोंड वाकडं करून म्हणाले, "दुसऱ्यातून एकदम चौथा टाकला." एवढ्यात व्हीलचेअरवर बसलेल्या एक बाई आल्या आणि त्यांनी हात लांबवून खिडकी लावून घेतली. त्या एकेकाळी टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि आवाज अजून तसाच खणखणीत होता. मास्तरांनी खिडकी उघडली. बाईंनी पुन्हा लावली. "धूर येतो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही पाहुणे आहात." मास्तर म्हणाले की धूर एवढा सोसत नसेल तर डेपोमागे राहायचंच कशाला. बाई म्हणाल्या, ते घर त्यांनी निवडलं तेव्हा मास्तरांना विचारायचं राहूनच गेलं.

सून लाजेने अर्धी झाली. पुढे होऊन माफी मागू लागली, तर मास्तरांनी तिला हाताने थांबवलं. "तू कशाला मध्ये पडतेस? बोलू दे त्यांना."

परतताना गाडीत ते नेहमीसारखे पुढे बसले. मागे नणंद कपाळाला हात लावून बसली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मास्तर म्हणाले, "ही चालेल."

"बाबा, तिथे तर पहिल्याच दिवशी भांडण झालं," सून म्हणाली.

"घरी कोण भांडतं माझ्याशी? पडल्यापासून तू माझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतेस. परवा आमटीत दोनदा मीठ घातलं मी. तू मुकाट्याने जेवलीस."

सुनेला काय बोलावं सुचेना. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला. तिने गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "खरं सांगा. आम्ही म्हणतोय म्हणून हो म्हणता आहात का?"

"मला घरीच राहायचंय," मास्तर समोर बघत म्हणाले. "पण ते आता जमत नाही, हे मलाही दिसतं. घरी नाही, तर मग तिथे."

ते गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मास्तर खोलीबाहेर येईनात, जेवण अर्धं टाकीत, आणि सुनेला दुकानात फोन करून उशी नीट नाही म्हणून सांगत. एकदा ती मशीन तशीच सोडून त्यांना परत आणायच्या तयारीने निघाली. नर्सने तिला दारातच बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "न्यायचं असेल तर न्या, तुमचं माणूस आहे. पण आज ते पहिल्यांदाच पंगतीत येऊन जेवले. अजून थोडं थांबून बघा." सून मास्तरांना नुसती भेटून परतली. रस्ताभर आपण बरं केलं की वाईट, हे तिला ठरवता आलं नाही.

मग एकदा मास्तरांची कवळी हरवली आणि दुसऱ्याच आजोबांच्या तोंडात सापडली. त्यावरून झालेला तंटा आठवडाभर पुरला, आणि त्या गडबडीत मास्तर घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचे झाले. खिडकीचाही तह झाला, सकाळी उघडी, दुपारी बंद. ऑपरेटरबाईंना व्हीलचेअर मागे घेता येत नाही हे लक्षात आल्यावर मास्तरांनी त्यांना अंगणात रिव्हर्स शिकवायला घेतला. दोन कुंड्या फुटल्या.

सुट्टीच्या दिवशी सून त्यांना जेवायला घरी आणायची. अशाच एका रविवारी जेवण आटोपलं, मास्तर जरा आडवे झाले आणि उठल्या उठल्या बूट शोधू लागले. "चहाच्या आधी सोड मला," ते म्हणाले.

"इथे चहा मिळत नाही का?"

"मिळतो की. पण ऑपरेटरबाईंचा भाऊ येणार आहे आज. इतकं खोटं बोलतो, ऐकत राहावंसं वाटतं."

सुनेच्या मनाला जरा लागलं. चहाचं आधण तिने गॅसवर ठेवलेलंच होतं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्यांचा दुसरा बूट कॉटखालून काढून दिला.