निपाणीचे आवळे तपासताना

निपाणीला जायला पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेतलं दुसरं कोणी तयार होईना, म्हणून साहेबांनी मला धाडलं. एकटा जीव सदाशिव. घरी विचारायचं कोणाला? आवळ्यातलं क जीवनसत्त्व झाडावरून उतरवल्याबरोबर मोजायचं होतं.

कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे सर्व्हिस मोटार. पेट्रोल लढाईवर गेलेलं, त्यामुळे गाडी कोळशाच्या गॅसवर. जाणाऱ्याने पुढची जागा धरावी, मागे तोंड काळं होतं. माझं झालं. मांडीवर काचसामानाची पेटी घेऊन चार तास कोणाशी एक शब्द बोललो नाही.

उतरलो एका जैन कुटुंबाच्या मळ्यात. सगळा कारभार आक्कांकडे, पन्नाशीच्या विधवा. जेवण दिवस मावळायच्या आत. उशीर केलात तर उपाशी झोपा! पण भाकरी, आमटी आणि वर लोणकढं तूप, अहाहा!

माझ्या निळ्या द्रावणात ताज्या आवळ्याचा रस पडला, की रंग झटक्यात उडायचा. रंग उडाला म्हणजे जीवनसत्त्व आहे. आक्का बघत होत्या. मग बरणी घेऊन आल्या.

"माझा ल्योक चळवळीत धरला, हिंडलग्याच्या तुरुंगात हाय. हिरड्यातनं रगात येतंय त्याच्या. म्हैन्याच्या म्हैन्याला मोरावळा धाडतोय मी. ह्यात गुण किती हाय, बघ की रं अण्णा."

बघितलं. रंग ढिम्म हलला नाही.

"शिजवता कशात?"

"तांब्याच्या पातेल्यात. लढाईपायी कथील मिळंना, कल्हई कुठनं हुईल?"

खोटं बोलावं का? पण हिरड्या त्या पोराच्या होत्या. सांगून टाकलं : शिजवण्यानं आणि उघड्या तांब्यानं गुण गेला.

"म्हंजी नुसता गूळच धाडत हुतो व्हय मी?" म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून कच्चे आवळे चिरले, मीठ लावून चिनीमातीच्या बरणीत भरले. त्यातला थेंब तपासला, रंग उडाला. "लई ग्वाड झालं बघ," आक्का म्हणाल्या आणि डोळे पुसले.

ती बरणी घेऊन परतलो मुद्दाम बेळगावावरून. तिथून हिंडलग्याच्या तुरुंगाला टांगा मिळतो; परतीचंही आधीच ठरवून घ्या. फाटकावर शिपाई म्हणाला, "नातलगाबिगर घेत न्हाई. तुमी कोण त्याचं?"

कित्येक वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"मामा," मी म्हणालो. त्याने बरणी आत नेली. भेट काही मिळाली नाही.

पुण्याला येऊन कुलूप काढलं, अहवाल लिहिला, साहेब खूश झाले. आक्कांना लिहिता येत नाही, त्यामुळे पुढे काय झालं ते कळलेलं नाही. टपालवाला दिसला की मी उगाच उठून दारात जातो. भाच्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, आणि जीव मात्र त्याच्या हिरड्यांत अडकलाय.