दुपारी दीडची हाक

आमच्या घरात किस्से सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो — माणसं सतरंजीवर टेकली की म्हणतात, होऊ द्या. स्वतःच्या फजितीचे सगळे सांगून झालेत. हा एक सोडून. हा बायकोलाही माहीत नाही.

कुंभारीच्या मामांना रोज सकाळी आठला बीपीची गोळी असते. मी मोबाइलची अ‍ॅप बनवतो — घरी बसून, बनियनवर — म्हणून त्यांच्यासाठीही एक बनवलं. आठ वाजले की मामीचा आवाज यायचा, "अवो, गोळी घेतली की न्हाय?" मामीनं तो लाजत लाजत भरून दिला होता. वर्षभरात मामी गेली. आवाज राहिला.

अ‍ॅपला इतरांनी लिहिलेले तयार तुकडे जोडावे लागतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. कितवी आवृत्ती हवी तो आकडा नेमका लिहायचा, हे शिकाऊ माणूसही जाणतो. मी तिथं अधिकचं चिन्ह टाकलं होतं. म्हणजे — नवं निघेल ते आपोआप घे. आळस, दुसरं काय? मामांना अक्षरं मोठी हवी होती, म्हणून अ‍ॅप पुन्हा बांधलं, आणि वेळ मोजणारा तुकडा न विचारता बदलून आला. तो लंडनजवळच्या ग्रिनिचचं घड्याळ धरून चालत होता. आपल्याहून साडेपाच तास मागे.

हे मला कधी कळलं? आठवड्यानं कुंभारीला गेलो तेव्हा. जेवणं झाली होती. बाहेर पांढरं ऊन, आतल्या खोलीत कुणी नाही. आणि बरोबर दीडला, भिंतीपलीकडून — "अवो, गोळी घेतली की न्हाय?"

अंगावर काटा आला. लगेच उमगलं — ते चिन्ह! मामा माझ्याकडेच बघत होते. "फोन आठला बोलायचा बंद झाला, आता मामीच रोज ह्याच टायमाला हाक मारती. पोरगी म्हणती, भास हाय. इंजिनेर, तू तरी आयकलास की?"

"मामा, चूक माझी." तीनच शब्द होते. पण अख्ख्या नात्यात मिरवलेला इंजिनिअर मी —

"नाही मामा," मी म्हणालो. "मला नाही आलं ऐकू."

ते आडवे झाल्यावर लॅपटॉप काढला, जुन्या आवृत्तीचा आकडा नेमका लिहिला, आपोआप बदलणं बंद केलं, अ‍ॅप नव्यानं चढवलं.

त्यांची मुलगी सुनंदा दोन दिवस येऊन राहिली. अ‍ॅप आठला बोललं. दीडला गप्प. मामा मात्र दीडला कान देऊन बसलेले. तिनं घर बंद केलं, त्यांना शहरात, शुक्रवार पेठेत आपल्या घरी आणलं. मामा भांडले नाहीत. घराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "डोस्क्याचा काय भरवसा न्हाय रं आता."

मी किल्ली घेतली.

अजून रविवारी सुनंदाकडे त्यांना भेटायला जातो. तो आकडा तेव्हापासून तसूभर हललेला नाही. तरी दीड वाजला की मामा पाण्याच्या तांब्यावर हात ठेवून भिंतीला सांगतात, "व्हय, घेतली की." मग माझ्याकडे वळतात. "तुला आयकू येत न्हाय, न्हवं?"

"नाही मामा," मी म्हणतो. त्याच आवाजात.