पत्रकातली तिसरी ओळ

बाबा न्हावा शेवा बंदरात कामाला होते. युनियनच्या पत्रकांना आमच्याच घरी घड्या पडायच्या. मी अक्षरं त्या पत्रकांवरूनच शिकले. बाबांचा एक नियम होता: पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं.

सीवूड्सच्या खाडीकाठची तिवरं वाचवायला आम्ही गट केला, तेव्हा पत्रक मी लिहिलं. तिसरी ओळ अशी होती: 'परप्रांतीय घुसखोर हा खाडीला लागलेला रोग आहे, आणि रोग मुळातून उपटावा लागतो.' खाली नाव नव्हतं. 'खाडीप्रेमी नागरिक' एवढंच.

पत्रक वाटल्यावर काही दिवसांनी आमच्यातल्या तिघांनी चिखलात चिंबोऱ्या पकडणाऱ्या एका माणसाला काठ्यांनी मारलं. त्याचा हात मोडला. तो निघाला पलीकडच्या कोळीवाड्यातला.

सोसायटीच्या ऑफिसात बैठक झाली. गट चालवणारे काका म्हणाले, "गैरसमज झाला. माणूस आपलाच निघाला. तशी दिलगिरी छापू. तूच लिही."

"आणि आपला नसता तर?" गटातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं.

काकांनी छपाईच्या खर्चाचा विषय काढला. मग बाईच म्हणाल्या की, परदेशात स्थलांतरितांवर गोळ्या झाडायला निघालेल्या गोऱ्यांनीही आधी निसर्गाबद्दल पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत. खाडी साफ करता करता माणसंच घाण वाटायला लागली, तर तो वंशद्वेषच.

"मॅडम, तिकडे गोरे-काळे असतं. आपल्यात गोरा कोण आहे?" एकजण म्हणाला. थोडे हसले.

"तिघांनी काठी उचलली म्हणून झाडं वाचवणारे सगळे अतिरेकी?" काका म्हणाले.

तेही खोटं नव्हतं. तिवरं खरंच मरत होती, वर डंपरने भराव पडत होता. पण भराव टाकणाऱ्यांना मी रोग म्हटलं नव्हतं. मला स्वतःचा राग यायला हवा होता. मी पंख्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात गेले. तो ओट्यावर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. मी सांगितलं, पत्रक माझं होतं. त्याने नुसती मान हलवली.

"त्यांनी इचारला, कुठला हाय. मी बोल्लू, हितलाच हाय. तं बोलले, सगलेच असा बोलतान."

"दुसऱ्याचा पन सांग की," त्याची बायको आतून म्हणाली.

दुसराही होता. बिहारचा, याच्याबरोबर रोज चिखलात उतरायचा. मार त्यालाच जास्त बसला होता. डोक्याला फडकं बांधून तो सकाळीच गावी निघून गेला. बैठकीत त्याच्याबद्दल शब्दही निघाला नव्हता.

"नाव काय त्याचं?"

"आमी पार्टनर बोलाचो. कशाला? छापनार का?"

घरी येऊन लिहिलं. दोघांना मारलं, असं लिहिलं. तिसरी ओळ जशीच्या तशी दिली, ती माझी आहे असं सांगितलं आणि खाली नाव घातलं. काका म्हणाले, "त्या दुसऱ्याने तर तक्रारही केली नाही. त्याचं कशाला?" गटाने पत्रक वाटायला नकार दिला, तेव्हा मीच ते छापून आणलं. बाबांनी वाचलं आणि ते घड्या घालायला बसले.

नवं पत्रक आधी कोळीवाड्यात नेलं. त्याच्या बायकोने ते ओट्यावर मोठ्याने वाचायला घेतलं. त्या ओळीपाशी ती थांबली.

"ही पन तुमीच लिवली?"

"हो."

ती पुढचं वाचायला लागली.