चुन्याचे तीन टिपके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. नळदुर्गातल्या माझ्या फोटो स्टुडिओतला पडदा कधीच बिघडला नव्हता. तो बिघडलाय असं मी दाखवलं.

तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. फोटोत माणसांच्या मागं दिसणारा हा पडदा रंगवला होता चाचांनी, गावातल्या म्हाताऱ्या मुसलमान पेंटरनं. सगळं गावच त्यांना चाचा म्हणायचं. मांजरपाटावर त्यांनी किल्ल्यातला धबधबा काढला आणि त्याच्यापुढं एक लांब ओसरी. स्टुडिओत खाली शहाबादी फरशी होती. तिच्या सांध्यांच्या रेघा त्यांनी पडद्यावर तशाच पुढं नेल्या, आत आत अरुंद करत. खरी फरशी कुठं संपते आणि रंगातली कुठं सुरू होते, ते फोटोत कळायचं नाही. एवढ्याशा खोलीत शंभर फुटांची ओसरी! आणि मागं पाणी चक्क पडताना दिसायचं. "पाणी रंगवायचंच न्हाय," ते म्हणाले होते. "मागचा वला दगड रंगवायचा. पाणी आपसूक पडतंय."

पण हे सगळं एकाच जागेवरून खरं दिसे. त्या जागी कॅमेऱ्याच्या तिन्ही पायांसाठी चाचांनी फरशीवर चुन्याचे तीन टिपके दिले आणि गिऱ्हाइकांसमोर मला बजावलं, "मास्तर, हितनं हलू नका. बाकी समदं म्या केलंय. तुम्ही निस्ता फुगा दाबा."

फुगा म्हणजे फोटो घेताना दाबायचा रबरी गोळा. आठवड्यात गावभर झालं. चहाच्या हॉटेलात शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "ओ फुगेवाले, आज किती फुगे दाबले?" ट्रकवाले फोटो हातात घेऊन विचारत, "पडदा कुणाचा?" फोटो कुणाचा, हे एकानंही कधी विचारलं नाही. मला त्या म्हाताऱ्याचा राग येऊ लागला. त्याच्या खोकण्याचासुद्धा.

पुढच्या पावसाळ्यात पडद्याला खालून ओल लागली. चाचांनी तेवढा भाग पुन्हा रंगवून दिला, पहिल्यासारखाच. ते गेल्यावर भर दुपारी मी दार लावलं, ओल्या फडक्यानं टिपके पुसले आणि हातभर डावीकडं नवे दिले.

त्यानंतरचा पहिला फोटो लग्नाच्या जोडप्याचा. चार दिवसांनी नवऱ्या मुलाचा बाप तो घेऊन तणतणत आला. "ह्ये काय काढलंय? पोरगं आन सून घसरायलीत की! फरशी मोडल्यावानी दिसायली."

"चाचांना विचारा," मी म्हणालो.

चाचा आले. टिपक्यांमध्ये उभे राहिले, कॅमेऱ्याच्या उंचीला वाकले, एक डोळा मिटला, मग दुसरा. "रेघा तुटायल्यात," ते हळूच म्हणाले. "म्या तर सरळ वढल्या व्हत्या."

"नजर गेली तुमची, चाचा. आता मान्य करा."

स्टुडिओतल्या बाकावर काही गिऱ्हाइकं बसली होती, त्यातला एक जण म्हणाला, "निजाम गेला, आता ह्यांचे पडदे तरी कशाला ठिवायचे?" दोघंतिघं हसले. मी त्यांना गप्प करू शकलो असतो. केलं नाही. बरं वाटलं मला, खरं सांगतो.

महिन्यानं ते सोलापूरला डोळे दाखवून आले. दारातूनच म्हणाले, "डॉक्टर म्हणतोय, डोळे चांगलेत. म्हंजी हातच गेला, मास्तर."

मी काचा पुसत राहिलो.

त्यांनी पुन्हा पडदा रंगवला नाही. हमरस्त्यावर ढाब्यापाशी बसून ते ट्रकांच्या मागं अक्षरं आणि सपाट फुलं काढतात. त्यांनी स्टुडिओत येणं सोडलं तसे मी टिपके पहिल्या जागी आणले. ओसरी पुन्हा लांब झाली. लोकांना सांगितलं, पडदा सोलापूरच्या पेंटरकडून दुरुस्त करून घेतला. लग्नवाल्याला नवा फोटो फुकट काढून दिला, तर तो म्हणाला, "आता कसं! ह्याला म्हणत्यात फोटो." पडदा कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही. मला हेच तर हवं होतं.

त्याला दहा वर्षं झाली. परवा ढाब्यावरून जाताना चाचा दिसले. ट्रकवर एक साधी आडवी रेघ मारत होते. तिला दोरी लावली होती, तरी मागं सरकून सरकून बघत होते, सरळ आली का. मी मान फिरवली.

त्यांचा हात गेला नव्हता, टिपके मी हलवले होते. एवढं वाक्य, त्याच बाकावरच्या माणसांदेखत, मी अजून त्यांना देणं लागतो.